बाकावरची आतली जागा

मंगळवारी दुपारी बंदरावरचा पूल उघडला होता आणि मी सायकल धरून आडव्या दांड्यापाशी उभी होते, तेव्हा ते झालं. झालं म्हणजे नेमकं काय, ते मला अजून धड सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही याचाच जास्त राग येतो. पुलावरचा रस्ताच हळूहळू आभाळात उभा राहत होता. खालून वाळूची बोट सावकाश चालली होती, बोटीवरच्या बाईनं दोरीवर टॉवेल वाळत घातले होते. माझ्या पिशवीत बटाटे आणि लीकच्या कांदापातीची जुडी होती, आणि डोक्यात एका म्हाताऱ्याची खालची कवळी होती. ती हिरडीला लागते म्हणून आमच्या कारखान्यात पुन्हा परत आली होती. यात कुठे काही होण्यासारखं होतं? पण एकदम मला कळलं, की मी कुणाला तरी ठाऊक आहे. अख्खीच्या अख्खी. माझा तिरसटपणा, मोडलेलं लग्न, सकाळी शेजारणीला दिलेलं खोटं हसू, सगळं ठाऊक असून त्या कुणाची माझ्याबद्दल काही तक्रार नाही. उजेड दिसला नाही, आवाज आला नाही, रडूही आलं नाही. थंडीत उघडं झोपलेलं असताना कुणी येऊन पांघरूण घालून जावं आणि ते आपल्याला अर्धवट झोपेत कळावं, तसं वाटलं. मी तशीच उभी राहिले. मागून घंटी वाजायला लागली, मग आणखी एक. "ओ बाई, पूल केव्हाच खाली आला!" एक माणूस ओरडला. "निघा की. का पुढच्या बोटीची वाट बघताय?" मी सायकलवर बसले आणि पूल ओलांडला. पलीकडे पोचेपर्यंत मला एवढी भीती वाटायला लागली होती, की घरी जाऊन दाराची कडी लावली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिले.

भीती कशाची, ते आमच्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी समुद्राकाठच्या झीलंड प्रांतातल्या एका बेटावर वाढले, काळे मोजे, रविवारी सायकलला कुलूप, घरात टीव्ही नाही, विमा नाही, अशा लोकांत. आमच्या मंडळीत ज्या गोष्टीची माणसं जन्मभर वाट बघतात, ती हीच. ती मागून मिळत नाही, चांगलं वागून मिळत नाही, रविवारी दोनदा प्रार्थनेला बसून मिळत नाही. देवानं ज्यांना निवडलंय त्यांना ती एके दिवशी मिळते, बाकीच्यांना नाही, आणि यादी जग निर्माण व्हायच्या आधीच ठरलेली आहे. वर्षातून काही ठरलेल्या रविवारी भाकर आणि द्राक्षारसाचं प्रभुभोजन असतं. देवळात समोर लांब मेज मांडतात, पांढरं कापड घालतात, आणि खच्चून भरलेल्या देवळातून मूठभर माणसं उठून त्या मेजाशी जाऊन बसतात. बाकीचे बाकावर बसून बघतात. परकी माणसं याला हसतात, जेवायचं आमंत्रण आणि पंगत रिकामी! पण न बोलावता जो त्या ताटलीतलं खाईल तो आपलीच शिक्षा खाईल, ही आमची समजूत. माझे बाबा, क्राइन वेस्टडॉर्प, सुतार होते. ते मेज त्यांनी स्वतः केलंय. त्याच्या फळ्या रंधल्या, पाय बसवले, शनिवारी जाऊन ते मांडतात अजून. पण त्याच्याशी बसले कधी नाहीत. नव्वदीला टेकले, तरी बाकावरच. बोलावणं आलं नाही म्हणून. आणि ते बोलावणं, जर तेच असेल तर, मंगळवारी दुपारी लीकची जुडी घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे आलं, जिनं तरुणपणीच ते सगळं सोडलं, जी रविवारी दुपारी उशिरापर्यंत लोळते, जिला ते नकोच होतं. टपालवाल्याचा पत्ता चुकावा, तर इतका?

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं. त्यांच्या कामाच्या शेडमध्ये, भुशाच्या ढिगावर बसून. शाळेत शिकवलं होतं की देवानं कुणाला ओढायचं ठरवलं, की त्या माणसाला ते परतवता येत नाही. आणि शंभरदा ऐकून मला ते पोलिसांनी धरून न्यावं तसं वाटायला लागलं होतं. "बाबा, देवाला नाही म्हणता येत नाही?" बाबा कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारत होते. त्यांनी रेघ पुरी केली. मग म्हणाले, "येतं की. सगळे म्हणतातच. मी म्हणतो, तू म्हणतेस, रोज म्हणतो आपण. पण त्याला ज्या दिवशी खरंच हवं असेल ना, त्या दिवशी माणसाला नाही म्हणायचं सुचतच नाही." मी म्हटलं, "आणि नाही सुचलं असं, तर? म्हणजे नाही सुचेना झालं नाही, तर?" माझा शब्दांचा गोंधळ झाला होता. ते हसले. बाबा क्वचित हसत. "मग बसायचं बाकावर," म्हणाले, आणि करवत उचलली. ते वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरलं, बहुतेक वेळा टिंगलीत. मित्रमंडळीत बाटली उघडताना म्हणायचं, नाही म्हणायचं सुचतच नाही! सगळे हसायचे. आता मी ज्या डॉर्ट शहरात राहते, तिथेच चारशे वर्षांपूर्वी थोरथोर पाळक महिनोन् महिने भांडले आणि अखेर ठरवलं, की कृपा अडवता येत नाही. ते ज्या इमारतीत भांडले, ती कधीच पाडली. मी रोज त्या बाजूनं कामाला जाते आणि तिच्याकडे, म्हणजे ती नसण्याकडे, कधी ढुंकून बघितलं नाही.

आई गेली तेव्हा मात्र बघावं लागलं. आई, टान्नेके, शेवटचे दिवस माजघरातल्या पलंगावर होती आणि शेजारणी एकेक करून येत, तिच्या उशाशी बसत आणि वाकून विचारत, "मिळालं का गं काही? आहे का काही हाताशी?" आमच्याकडे मरणाऱ्याला असं विचारतात. दुष्टपणानं नाही, उलट मायेनं. एखादी खूण मिळाली तर मागे राहिलेल्यांना आधार. आई डोळे मिटून घ्यायची. शेवटच्या सकाळी तिनं फक्त पाणी मागितलं आणि खिडकी जरा उघडा म्हणाली. बाबा ते वाक्य घेऊन बसले. खिडकी उघडा म्हणजे काय? वर बघायचं होतं का तिला? का नुसतं उकडत होतं? दहनाची पद्धत नाही आमच्यात, पुरतो, मातीचा आवाज झाला आणि बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "ती कुठे आहे, मला माहीत नाही, नेल." मी तेव्हा त्यांच्या देवाला मनातल्या मनात जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून म्हणते, मंगळवारचं ते मला नको होतं. ते घ्यायचं म्हणजे त्या माणसाच्या ताटातलं उचलून खायचं, जो आयुष्यभर ताटापुढे बसून आहे. आणि येणाऱ्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्या रविवारी मी दर खेपेला बाबांकडे जाते, त्यांना आता एकट्याला देवळापर्यंत चालवत नाही. विश्वास नसलेली बाई बापाला हात देऊन देवळात नेते, एवढाच आमचा धर्म उरला होता.

बुधवारपासून मी अडवायला लागले. अडवायचं कसं, याचं काही शास्त्र नाही. मी आपला रेडिओ मोठा लावला, कामावर लवकर गेले, उशिरा परतले, तलावावर जाऊन दम लागेपर्यंत पोहले. जिन्यात मोठ्यानं "नको" म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून बघितलं. पण पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं मन सारखं तिकडे जाऊन बघून यायचं, गेलं का? गेलं नव्हतं. मी भांडत होते तोवर तर ते अगदी शेजारी येऊन बसायचं, न बोलता, आणि त्याला काही घाईच नसायची. धमकी असती तर मी पुरून उरले असते, धमक्यांत तर वाढले. हे धमकावत नव्हतं, त्यामुळे हात कुठे मारावा ते कळेना. गुरुवारी हातून साच्यातलं मेण सांडलं, तेव्हा टिनुसनं गॅस बंद केला. टिनुस आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर असतो. ब्राबांटचा कॅथलिक, पोट मोठं, श्रद्धा बेताची. "काय झालंय तुला? प्रेमात पडलीस का या वयात?" मी म्हटलं, "गप्प बस." "म्हणजे पडलीस." मग मी त्याला सांगून टाकलं, पुलाचं. तो हसेल असं वाटलं होतं, पण त्यानं हात पुसले. "यात भांडण्यासारखं काय आहे? आमच्याकडे देव दारात उभा राहतो आणि बेल वाजवतो. उघडायचं नसलं तर दिवा मालवून गप्प बसायचं, जातो बिचारा. तुमच्याकडे तो दारच उखडून आत येतो, असं ऐकलंय." मी म्हटलं, "दार उखडत नाही रे. आत आल्यावर कळतं, की घर त्याचंच होतं." हे माझ्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक. टिनुस म्हणाला, "नेल, तुला डॉक्टर पाहिजे का पाळक?" मी म्हटलं, "मला मेण पाहिजे. ते उचल."

रविवारी जायचंच नाही, असं मी शुक्रवारी ठरवलं. सर्दी झालीय म्हणून फोन करायचा. शनिवारी सकाळी फोन लावला, तर बाबाच आधी बोलले, "येतेस ना? मी शेजाऱ्याच्या गाडीतून मेज मांडायला जाऊन आलो आज, उद्या गुडघे काय म्हणतील सांगता येत नाही." मी म्हटलं, येते. संध्याकाळच्या बसनं गेले, रविवारी आमच्याकडे कुणी गाडीत बसत नाही म्हणून आदल्या दिवशीच पोचावं लागतं. बसमध्येच पँटवरून लांब स्कर्ट चढवला. हॅट पिशवीत होती. बाबांनी वाटाण्याचं घट्ट सूप केलं होतं, वर डुकराच्या मांसाचे तुकडे, शेजारी काळा पाव. त्यांनी प्रार्थना म्हटली, आम्ही जेवायला लागलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, त्यांच्या चमच्याचा आवाज. मला घास उतरेना. त्यांच्याकडे बघितलं की मला वाटे, हे माझ्या तोंडावर दिसत असेल, नव्या बाळंतिणीच्या तोंडावर दिसतं तसं. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना वास येतो म्हणतात अशा गोष्टींचा. बाबा बराच वेळ सूप ढवळत होते.

"बरं नाही का तुला?" ते म्हणाले.

"बरी आहे. दमलेय."

"खात नाहीस."

"दुपारी उशिरा खाल्लं, बाबा."

"हं," ते म्हणाले. "दारूचं काही नाही ना? का त्या माणसानं परत फोन केला?" त्या माणसानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ज्याचं नाव ते घेत नाहीत. मी नाही म्हटलं. मग त्यांनी जेवणानंतरचा अध्याय वाचायला पुस्तक उघडलं, चष्मा घातला आणि वाचायच्या आधीच तो परत काढला. "उद्या बाकावर तू कडेला बस," ते म्हणाले. "मी आत बसतो." आमचा बाक ठरलेला, बाबा नेहमी मधल्या वाटेच्या कडेला, आत आम्ही. मी म्हटलं, "कशाला? तुमचे गुडघे आत मावत नाहीत." खरं तर मला आतच बसायचं होतं. आत बसले, की बाहेर यायचं तर बाबांना ओलांडून यावं लागतं, आणि बाबांना ओलांडून मी जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आठवडाभरात मिळाली नव्हती अशी भक्कम कडी मला मिळाली होती, माझ्या बापाची. "तुम्हीच बसा कडेला," मी म्हटलं. ते चष्मा घालून वाचायला लागले.

सकाळी आम्ही रस्त्याच्या मधोमध चालत गेलो, सगळं गावच चालत होतं, काळे कोट आणि हॅटी. बाबा माझ्या दंडाला धरून होते आणि दर विजेच्या खांबाशी थांबत होते. देवळात जुन्या लाकडाचा, कोटांना लागलेल्या डांबरगोळ्यांचा आणि पेपरमिंटचा वास. मी आत सरकले, बाबा कडेला बसले, त्यांच्या गुडघ्यांनी वाट बंद झाली. मला हायसं वाटलं. प्रवचन सुरू होताना बाबांनी रीतीप्रमाणे खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली, एक मला दिली, एक स्वतः घेतली. सगळ्या देवळात कागद वाजले. प्रवचनाच्या मध्यावर दुसरी. आणि प्रभुभोजन सुरू झालं की तिसरी. ही बाबांची स्वतःची रीत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, आत्ताच का? तेव्हा ते म्हणाले होते, "त्यांचं जेवण तिकडे, आपलं जेवण हे." ती तिसरी गोळी त्यांनी मला दिली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुडी खिशात ठेवली. पाळक खाली उतरून मेजाच्या टोकाशी उभे राहिले. त्यांनी नेहमीचा मजकूर वाचला, कुणी कुणी या मेजापासून दूर राहावं ते. ते ऐकताना मी नेहमी कंटाळत असे. आज प्रत्येक शब्द ऐकला, आणि एकेका शब्दाला मनात म्हटलं, ही मी, ही पण मी, बघ, मला बसता येत नाही. आणि पुलापासून शेजारी येऊन बसलेलं ते सगळं ऐकून घेत होतं.

मग स्तोत्र सुरू झालं. आमच्याकडे स्तोत्र इतकं सावकाश गातात, की एका स्वरात माणूस दोनदा श्वास घेतो. स्तोत्र चालू असेपर्यंत यायचं असतं. संपलं की मेज बंद. कोडेंची विधवा उठली. तो आंधळा यान्निस उठला, नातीनं त्याला वाटेपर्यंत सोडलं आणि ती परत आली. आणखी एक जोडपं, मग शिंप्याची म्हातारी. मेजाच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या, पांढरं कापड लांबच लांब. पाळक म्हणाले, "अजून जागा आहे." हे ते दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी कुणी हलत नाही. मी समोरच्या बाकाची कड धरली. मला वाटलं होतं, काही झालं तर मनात होईल, वाद होईल, आणि वादात मी हरत नाही. पण हे पायांत आलं. पाय उठायला निघाले होते, मूल उठायला निघतं तसे, मला न विचारता. मी टाचा जमिनीला दाबल्या. नको. बाबांना एकटं टाकून नाही. तुला हवं तर आधी त्यांना घे, इतकी वर्षं दाराशी बसलेत ते तुला दिसत नाहीत? त्यांना घे, नाहीतर मलाही सोड. मी हे इतक्या जोरात मनात म्हणत होते, की दात एकमेकांवर घासत होते. माझ्या धंद्यात अशा दातांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. गोळी तोंडात तशीच होती, चावली गेली, तिचा आवाज मला केवढा तरी मोठा वाटला. बाकाच्या कडेवर माझी बोटं पांढरी पडली होती. आणि त्या बोटांवर बाबांचा हात आला. थंड, सुताराचा, अंगठ्याचं नख फाटलेला. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, अडकलेला खिळा काढतात तशी, आणि हात माझ्या मांडीवर ठेवला. मग समोरच्या बाकाला धरून ते उभे राहिले.

त्यांना काय करायचं होतं, ते मला लगेच कळलं. बाकाच्या बाहेर एक पाऊल, बाजूला व्हायचं, मला वाट द्यायची. नाटकाच्या थिएटरात मधल्या माणसाला जाऊ द्यायला कडेचा माणूस उठतो, तेवढंच. त्यांनी कडी स्वतःच काढली. मी मान हलवली, नाही, नाही, बसा. ते वाटेत उभे राहिले आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, चल. पण मंडळीला ते काय ठाऊक? मंडळीनं बघितलं, की क्राइन वेस्टडॉर्प, ज्यानं हे मेज केलं आणि जो म्हातारा होईपर्यंत उठला नाही, तो आज, स्तोत्राच्या शेवटच्या कडव्याला, वाटेत येऊन उभा आहे. गाणं अडखळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हुंदका दिला. मंडळीचा पंच इझाक, बाबांचा शाळेतला सोबती, आपल्या बाकावरून इतका घाईनं उठला की त्याची स्तोत्रांची पोथी खाली पडली. तो आला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यानं बाबांचं कोपर धरलं. "ये, क्राइन," तो म्हणाला. "ये. किती वाट बघायला लावलीस." बाबांनी तोंड उघडलं. आता ते सांगतील, मला वाटलं, मी नव्हे रे, ती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, इझाककडे बघितलं. आणि इझाकबरोबर चालायला लागले.

मी बाकावर बसून होते, आतल्या जागेवर, आणि माझ्यापुढची वाट मोकळी होती. त्या क्षणी मी देव, कृपा, पूल, सगळं विसरले. एकच दिसत होतं, की बाबांची समजूत काय आहे. न बोलावता जो खाईल. माझ्यासाठी उठले आणि चुकून तिथे नेऊन बसवले गेले, आणि आता ती ताटली त्यांच्यासमोर येणार, आणि ते संकोचानं घेणार, आणि मग उरलेले दिवस, उरलेल्या रात्री माजघरात जागे पडून राहणार, आपण आपलीच शिक्षा खाल्ली म्हणून. मेल्यावरही, त्यांच्या हिशेबानं. माझ्या मूर्खपणापायी. मी उठले. स्कर्ट सावरत वाटेतून जवळजवळ धावले. लोक माझ्याकडे बघत होते, त्यांचं मला काही नव्हतं. मला बापाला तिथून उठवून परत आणायचं होतं. बाबा मेजाच्या लांबच्या बाजूला बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांचा एक हात कापडाखाली गेला होता. सवयीनं पायाची खुंटी चाचपत होते, बसलीय ना घट्ट. मी वाकले, बोलता येईना इतका दम लागला होता, म्हणून त्या रिकाम्या खुर्चीवर टेकले. स्तोत्र संपलं.

"बाबा, चला," मी कुजबुजले. "माझ्याबरोबर चला. मी सांगते त्यांना, चक्कर आली म्हणून."

"बैस," ते म्हणाले. "तुला वाट द्यायला उठलो होतो मी."

"ठाऊक आहे मला."

"काल जेवताना कळलं मला. खरं सांगतो, हेवा नाही वाटला." मग जरा थांबून, "थोडा वाटला."

"बाबा, उठा ना. अजून वेळ आहे. तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही ना? तुम्हीच म्हणता."

"नाही बोलावलं."

"मग इझाकला नाही म्हणायचं! तिथेच सांगायचं, मी नव्हे म्हणून. तोंड उघडलं होतं तुम्ही, मी बघितलं."

बाबा मेजाकडे बघत होते. त्यांनी स्वतः रंधलेल्या फळीवरचं पांढरं कापड, त्यावर त्यांचा फाटक्या नखाचा अंगठा. "उघडलं होतं खरं," ते म्हणाले. "पण नाही म्हणायचं सुचलंच नाही गं." आणि बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. मलाही आलं, शेडमधलं तेच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि त्यांच्या तोंडावर मी असं काही बघितलं, जे आरशात आठवडाभर बघायला घाबरत होते. शेजारच्या शिंप्याच्या म्हातारीनं ताटली आमच्याकडे सरकवली. मी उठून जायला आले होते, हे मला आठवत होतं, पण पाय अगदी शांत होते. बाबांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातली पेपरमिंटची गोळी त्यात काढून ठेवली, रुमालाची घडी करून तो परत खिशात घातला, आणि हात पुढे केला.